गमत नाही

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. साडेपाच वाजून गेले होते. नागपूरच्या गोकुळपेठेतल्या आमच्या गच्चीवर मी वाळलेले कपडे काढत होते. फोन खांदा आणि कानाच्या मधे धरलेला, तोंडात दोन चिमटे. ऊन अंबाझरी तलावाच्या बाजूला पार खाली गेलं होतं आणि दोरीवरच्या पांढऱ्या चादरीवर तेवढा शेवटचा केशरी पट्टा उरला होता. तो पलीकडून, चहाच्या मळ्यावरून, नेहमीसारखा दिवसभराचं सांगत होता. आता पान कमी झालंय, महिनाभरात छाटणी लागेल, सकाळी धुकं इतकं होतं की दहा पावलांवरची बाई दिसत नव्हती. मी चिमटे तोंडातून काढले आणि म्हटलं, “ऐक ना. तुझ्याशिवाय गमत नाही मला.” पलीकडे एकदम शांत झालं. रातकिडे ऐकू येत होते, लांब कुठंतरी कुत्रं भुंकत होतं. माझ्याकडे खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. मग तो म्हणाला, “बरं.” आणि थोडं थांबून, “फॅक्टरीत जायचंय. ठेवतो.” मी अर्धी घडी घातलेला उशीचा अभ्रा हातात घेऊन तशीच उभी राहिले. चादरीवरचा केशरी पट्टा गेला, कबुतरं पाण्याच्या टाकीवर येऊन बसली.

एवढंच झालं.

पण ते “बरं” मला पुढचे कितीतरी दिवस सोडेना. मराठीतल्या या दोन अक्षरांत काय काय मावतं, ते मी त्या दिवसांत मोजलं. बरं म्हणजे ठीक आहे. बरं म्हणजे ऐकलं. बरं म्हणजे पुढचं बोल, किंवा आता पुरे. आजारी माणसाला विचारतात ते बरं, आणि भांडण तोडायला म्हणतात तेही बरंच. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना, भाजी निवडताना, रात्री कूलरच्या रिकाम्या खिडकीतून येणाऱ्या गार वाऱ्यात पांघरूण ओढून घेताना मी ते पुन्हा कानात वाजवून बघायची. कधी त्यात माया ऐकू यायची, कधी कंटाळा. शेवटी शेवटी तर त्याचा मूळ आवाज कसा होता तेच आठवेना. मी मनात इतक्या वेळा म्हटलेलं माझंच “बरं” तेवढं उरलं.

आमची ओळख सात वर्षांची. तो मूळचा काटोलकडचा, घरी संत्र्याची बाग. इथल्या कृषी महाविद्यालयात शिकला आणि पुढे नोकरीसाठी शेजारच्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आला. पाच वर्षं आम्ही एकमेकांच्या गच्चीवरून बोललो. उन्हाळ्यात पाणी कमी दाबानं आलं की वरच्या टाकीत चढतंय का हे तो माझ्यासाठी बघायचा, पोळ्याला घरून आणलेल्या करंज्या डब्यात घालून द्यायचा. अंबाझरीच्या बांधावर कधी कधी फिरायला जायचो. त्या पाच वर्षांत आम्ही एकमेकांना “त्यातलं” काहीच म्हटलं नाही, कारण म्हणायची गरजच पडली नाही. तो समोर होता. माणूस समोर असला की त्याच्या बोलण्यापेक्षा त्याचं थांबणं जास्त सांगून जातं. जिना उतरताना तो एक पायरी थांबायचा, एवढं मला पुरे असायचं. दोन वर्षांपूर्वी त्यानं आसाममध्ये चहाच्या मळ्यावर नोकरी घेतली, दिब्रुगडच्या पलीकडे. हावड्याला गाडी बदलायची, तीन रात्री गाडीत काढायच्या, मग तिथून पुढे जीप. तिकडे लोक त्याला “छोटा साहब” म्हणतात, हे सांगताना तो पहिल्यांदा लाजला होता. ते लाजणं मला फोनवर ऐकू आलं, दिसलं नाही. तेव्हाच कळायला हवं होतं की आता सगळं ऐकूनच ओळखावं लागणार.

गमत नाही हा शब्द मी का निवडला, यावरही मी खूप विचार केला. बी.एड.ला मी पुण्यात होते. पहिल्या आठवड्यात खोलीतल्या साताऱ्याच्या मुलीला म्हटलं, “मला इथे गमत नाही.” ती म्हणाली, “गंमत? कसली गंमत?” मग मी तिला समजावलं, तुमचं करमत नाही ते आमचं गमत नाही. पण समजावताना वाटलं, दोन्ही अगदी एक नाहीत. आमच्याकडे हा शब्द घरभर फिरतो. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीला आई फोनवर हळूच विचारते, “गमते का तुले तिथं?” बाजारातून आणलेला बैल दोन दिवस वैरणीला तोंड लावत नाही तेव्हा म्हणतात, त्याला अजून गमून नाही राहिलं. सुट्टी संपून मामाच्या घरून परतलेल्या पोराला गमत नाही, म्हाताऱ्या माणसाला दुपारी गमत नाही. म्हणजे हा शब्द कुणीही कुणालाही म्हणू शकतं. म्हणून तर तो माझ्या तोंडी आला. “माझं तुझ्यावर प्रेम आहे” हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. म्हणताना दुसऱ्याच बाईचा आवाज लागायचा, चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवावं तसा. आमच्या घरात ते वाक्य मी कधी कुणाला म्हणताना ऐकलेलंच नाही. गमत नाही मात्र माझं होतं, जिभेवरचं. आणि खरं सांगायचं तर त्याला मागचं दार होतं. तो हसला असता, तर मलाही हसून म्हणता आलं असतं, अरे, सहजच म्हटलं, शेजार सुना झालाय ना. त्या मागच्या दाराची कडी मी काढून ठेवली होती, आणि नंतर मलाच त्यातून वारा लागत राहिला.

माझ्याकडे हे सगळं बोलायला एकच माणूस होतं, आत्या. वय अठ्ठ्याहत्तर. तिनं लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, ट्रंक ऑपरेटर म्हणून. 1972 साली लागली तेव्हा समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्यांच्या पिना, कानावर हेडफोनचं वजन. तिची मान अजून डावीकडे किंचित कललेली आहे, ती त्या हेडफोनमुळे असं ती म्हणते. हल्लीच्या मुलांना ट्रंक कॉल सांगून कळत नाही. नंबर नोंदवायचा आणि घरी फोनजवळ बसायचं. तासाभरात लागेल, चार तासांनी लागेल, कधी दुसऱ्या दिवशी. घाई असेल तर अर्जंट, दुप्पट पैसे. अमुकच माणूस हवा असेल तर पी.पी. कॉल, तो माणूस येईपर्यंत मोजणी सुरू होत नाही. आणि लागला की तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मधे येणार, “तीन मिनिटं झाली, वाढवू का?”

मी आत्याला विचारलं, तुम्ही ऐकायचात का गं लोकांचं बोलणं. ती रागावली आधी. “ऐकायची परवानगी नव्हती. पण लाइन नीट लागली की नाही हे पाहायला कान लावावाच लागायचा. आणि तीन मिनिटांनी तर मधे जावंच लागायचं ना.” मग गरम दुधाचा पेला दोन्ही हातांत धरून ती बराच वेळ बोलत राहिली. तिच्याकडे एक कॉल यायचा, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पी.पी. कॉल. इथून एक मुलगी, तिकडे लांब कुठल्यातरी कारखान्याच्या गावात एक मुलगा. पहिलं मिनिट हॅलो, ऐकू येतंय का, यातच जायचं. दुसरं मिनिट आईची तब्येत, पाऊस, पगार. तिसऱ्या मिनिटात दोघंही गप्प. “पैसे भरून गप्प बसायचे बापा ती दोघं! मला आधी वाटायचं लाइन तुटली. दोनदा मी मधे जाऊन विचारलंही, बोलणं सुरू आहे का? ती म्हणायची, हो, सुरू आहे.” आत्या थांबली. “मग मी विचारणं सोडलं. तीन मिनिटं झाली तरी पाच-दहा सेकंद उशिरा मधे जायची. नोकरीत तेवढीच एक लबाडी केली असेल मी.”

त्या दोघांचं पुढे काय झालं, आत्याला ठाऊक नाही. एसटीडी आलं, लांबचा नंबरही थेट फिरवता यायला लागला, मग पिवळ्या पाट्यांचे बूथ आले, लोक रात्री अकरा वाजायची वाट बघत रांगेत उभे राहायला लागले, कारण अकरानंतर दर चौथाईवर यायचा. बोर्ड गेले, दोऱ्या गेल्या. आत्याला बिलांच्या खात्यात बसवलं. तिला ते काम कधी आवडलं नाही. ती म्हणते, लोकांचं बोलणं कानात घेऊन घरी यायची सवय लागली होती, आकडे घेऊन कसं यायचं?

मी आत्याला माझ्या “बरं”बद्दल सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. सल्ला वगैरे दिला नाही. फक्त विचारलं, “किती वाजता केला होतास?” मी म्हटलं, साडेपाचला. ती म्हणाली, “त्याच्याकडचे?” मी म्हटलं, अगं, आसाम भारतातच आहे, तिकडेही साडेपाचच. आत्या “हं” म्हणाली आणि पेला विसळायला उठली.

मी भूगोल शिकवते. आठवीच्या पुस्तकातला पहिलाच पाठ स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ. दर जूनमध्ये मी तो शिकवते, आणि सहामाहीनंतर उजळणीत पुन्हा. पृथ्वी एका अंशाला चार मिनिटं घेते. भारताची प्रमाण वेळ मिर्झापूरवरून जाणाऱ्या 82 अंश 30 मिनिटं पूर्व रेखावृत्तावरची. आत्याशी बोलले त्याच आठवड्यात वर्गात ही उजळणी होती. एका मुलीला फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं. मी नेहमी मुंबई-कोलकाता देते. त्या दिवशी का कोण जाणे, नागपूर आणि दिब्रुगड दिलं. नागपूर साधारण 79, दिब्रुगड साधारण 95. तिनं वजाबाकी केली, सोळा. सोळा चोक चौसष्ट. खडूनं “64 मिनिटे” लिहून तिनं खाली दोन रेघा मारल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी पुढचं काहीच बोलले नाही. वर्गाला वाटलं असेल उत्तर चुकलं.

चौसष्ट मिनिटं ही नुसती सूर्याची. घड्याळ दोघांकडे एकच, पण त्याच्याकडे सूर्य माझ्यापेक्षा तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. थंडीत तर मावळण्यातला फरक आणखी वाढतो, कारण ते गाव आमच्यापेक्षा उत्तरेलाही आहे. नोव्हेंबरात तिकडे सव्वाचार-साडेचारलाच दिवस बुडतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चहाच्या मळ्यांवर म्हणूनच वेगळी वेळ चालते हेही त्यानं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. बागान टाइम म्हणतात त्याला, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली. मळ्यावरची घड्याळं भारतीय वेळेच्या एक तास पुढे. उजेडात तोडणी व्हावी म्हणून. त्याच्या फोनमध्ये साडेपाच वाजतात तेव्हा बंगल्याच्या भिंतीवर साडेसहा वाजलेले असतात. मी तेव्हा “अरे वा” म्हटलं होतं आणि वर्गात सांगायला एक छान उदाहरण मिळालं म्हणून खूश झाले होते.

म्हणजे मी ज्याला कातरवेळ म्हणत होते, ती माझ्या एकटीची होती. चादरीवरचा केशरी पट्टा, टाकीवरची कबुतरं, दिवस आणि रात्र यांच्या मधला तो थोडासा मोकळा वेळ, ज्यात काहीही म्हणून टाकावंसं वाटतं, त्यात मी उभी होते. तो तासाभरापासून मिट्ट काळोखात होता. पहाटे उठून मळा फिरलेला, पान मोजून घेतलेला, फॅक्टरीत रात्रीची पाळी लावायला निघालेला, एका हातात टॉर्च. त्याच्याकडे दिवस संपला होता. माझं वाक्य माझ्या संध्याकाळीतून निघालं आणि त्याच्या रात्रीत जाऊन पडलं. ते तिथे कसं ऐकू आलं असेल, याचा मी विचारच केला नव्हता. समोरासमोर असतो तेव्हा दोघांच्या अंगावर एकच ऊन असतं. एकालाच थंडी वाजत नाही, एकट्यापुरताच पाऊस येत नाही. बोलण्याला लागणारी अर्धी हवा आयती मिळते. लांबच्या माणसाला नुसते शब्द मिळतात. ते कुठं उभं राहून म्हटले, तेव्हा वारा होता की नव्हता, हातात काय होतं, हे त्याला सांगितल्याशिवाय कसं कळणार? आणि मी तर चादरीबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

नागपुरात राहणाऱ्या माणसाला एक सवय असते, आपण मधोमध आहोत असं धरून चालायची. झीरो माइलचा तो खांब, ते चार घोडे, खालच्या दगडावर कोरलेली जबलपूर, हैदराबाद, चांदा, शिवनीची मैलांतली अंतरं, हे लहानपणापासून बघत आलेले आपण. मधोमध असलं की सगळं सारख्याच लांब वाटतं, आणि सारख्याच लांब असलेलं काही फारसं लांब वाटत नाही. त्या दगडावर दिब्रुगड नाही. एवढं लांबचं मोजावं असं कुणाच्या मनात आलं नसणार.

डिसेंबरात शाळेची सहल रामटेकला गेली. दरवर्षी जाते. मुली पायऱ्या मोजत वर पळाल्या, माकडांनी एकीच्या हातातली केळी नेली, मग रडारड. मी कालिदास स्मारकाच्या कट्ट्यावर बसले होते. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं आमच्याकडे शाळेपासून शिकवतात. यक्षाला वर्षभराचा शाप, बायको तिकडे उत्तरेला अलकेत, आणि आषाढातल्या ढगाला तो निरोप सांगतो. हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही तेवढंच माहीत होतं. सहलीच्या आधी मुलींना सांगता यावं म्हणून मी संस्कृत शिकवणाऱ्या आमच्या मॅडमकडून पोथी आणली आणि अर्थासकट पहिल्यांदा सलग वाचली. वाचताना लक्षात आलं, तो निरोप सांगायची घाईच करत नाही. पूर्वार्ध सगळा वाटेचा. कुठली नदी लागेल, कुठल्या गच्चीवर थांबून विसावा घे, कुठे पाऊस कमी पाड. मग तिचं घर, दारातलं झाड, ती कशी बसली असेल, विरहाचे दिवस फुलं मांडून कशी मोजत असेल. प्रत्यक्ष निरोपाच्या ओळी अगदी शेवटाकडे. लहानपणी मला वाटायचं हा नुसता कवितेचा पसारा. आता वाटलं, त्याला दुसरं काही करताच आलं नसतं. मधली सगळी जागा तिच्यापर्यंत पोचवल्याशिवाय निरोप पोचतच नाही.

आणखी दोन गोष्टींवर मी अडकले. निरोपात यक्ष बायकोला म्हणतो, राहिलेले चार महिने डोळे मिटून काढ. तिथे शब्द आहे “गमय”. चार महिने गमय. मी पोथीवर बोट ठेवून बसले. तो “गमय” वाचताना मला आमचं गमत नाही ऐकू आलं, स्वयंपाकघरातलं, गोठ्यातलं, माझ्या गच्चीवरचं. वेळ पुढे सरकवणं. वेळ न सरकणं. मी त्याला काय म्हटलं होतं ते मला त्या शब्दानं उलगडून दाखवलं. तू नसताना इथे दिवस पुढे जात नाही, असं म्हटलं होतं मी. ते सहज नव्हतं.

दुसरी गोष्ट अगदी अखेरीस येते. सगळं सांगून झाल्यावर ढग काहीच बोलत नाही. यक्ष त्याला विचारतो, करशील ना रे माझं काम? आणि लगेच स्वतःच म्हणतो, तू गप्प आहेस म्हणून नाही म्हणालास असं मी धरणार नाही. चातकानं मागितलं तर तू न बोलताच पाणी देतोस. मला आत्याच्या त्या दोघांची आठवण आली. बोलणं सुरू आहे का? हो, सुरू आहे.

गप्प राहण्याबद्दल मला त्यानंच एकदा शिकवलं होतं, पण तेव्हा ते झाडांबद्दल होतं. एका जानेवारीत त्यानं आत्याला आणि मला काटोलला नेलं होतं, बाग दाखवायला. मी हिरव्यागार संत्र्याच्या बागेची कल्पना करून गेले होते. बघितलं तर जमीन भेगाळलेली, झाडं मलूल, पानं आतल्या बाजूला वळलेली, बरीचशी गळून बुंध्याशी पडलेली. मी पायानं ती पानं बाजूला करत विचारलं, पाणी का नाही देत यांना? तो म्हणाला, “ताण दिलाय. आंब्या बहार धरायचा असला की महिना-दीड महिना पाणी तोडावं लागतं. मग पाणी सोडलं की फूट येते, फूल येतं.” त्यानं एक फांदी खाली ओढून पेराजवळची जागा दाखवली, जिथून ती येणार होती. मला तिथे काहीच दिसलं नाही, नुसती खरखरीत साल. त्याचे वडील मागून म्हणाले, “पण नजर ठेवा लागते बाई. लई ताणलं का झाडच जाते.”

डिसेंबरचा तिसरा रविवार. रविवारी त्याच्याकडे फॅक्टरी बंद असते. मी दुपारी चारला गच्चीवर गेले. मुद्दाम चारला. वर्गातल्या पोरीनं काढून दिलेलं उत्तर मनात धरून. आमच्याकडे स्वच्छ ऊन होतं. आत्यानं लिंबाच्या लोणच्याची बरणी वर ठेवली होती, तोंडाला मलमलचं फडकं बांधून, आणि त्यावर दोन मुंगळे हिंडत होते. मी बरणीशेजारी चटईवर बसले आणि फोन लावला.

त्यानं उचलल्यावर मी आधी हेच सांगितलं. चटई, बरणी, मुंगळे. शंकरनगरकडून मेट्रो गेली तिचा आवाज आला, तो सांगितला. खालच्यांनी नवीन रंग काढलाय, भडक पिवळा, त्यावर ऊन पडलं की डोळे दिपतात. तो म्हणाला, “काय गं आज?” मी म्हटलं, “तुझ्याकडे काय दिसतंय?” तो व्हरांड्यात होता. सूर्य मळ्याच्या पलीकडच्या सावलीच्या झाडांमागे चाललाय, म्हणाला. सगळीकडे छाटणी झालीय, झुडपं नुसत्या काड्या झालीत, गुडघ्याएवढ्या. धुकं नाल्यातून वर यायला लागलंय. स्वेटर घालायला आत जावं लागेल. “पण थांबतो थोडा.”

मग मी विचारलं. माझा आवाज कापत होता आणि तो कापू दिला. “त्या दिवशी मी म्हटलं होतं, गमत नाही म्हणून. तू ते कसं घेतलंस?”

पुन्हा तेच. शांतता. या खेपेला मी ती घड्याळात मोजली नाही, डोक्यात बरंवाईट काही लिहीत बसले नाही. बरणीच्या फडक्यावरचा एक मुंगळा दोरीच्या गाठीपाशी येऊन अडला होता, त्याच्याकडे बघत बसले. बोलणं सुरू होतं.

“मला वाटलं, तू सहज म्हणालीस,” तो म्हणाला. “आपल्याकडे म्हणतातच ना. आईपण म्हणते फोन केला की. म्हणून काही बोललो नाही. मग त्या रात्री फॅक्टरीत पानांवर हात फिरवत होतो, विदरिंगला टाकलेलं पान रात्रभर हळूहळू नरम पडते, ते बघावं लागते. तिथं वाटलं, सहज नसलं तर? पण विचारू कसं? वाटलं, सहज नसलं तर परत म्हणशील. मी वाट पाहून राहिलो होतो.”

पाच आठवडे. तो तिकडे वाट पाहत होता की मी परत म्हणेन, मी इकडे वाट पाहत होते की तो काही म्हणेल. दोघंही एकमेकांना चुकीच्या घड्याळात बघत होतो. मला राग आला, त्याचा आणि माझा, आणि त्याच्या आईच्या गमत नाहीचाही आला, खरंच. आणि रडूही आलं. ते ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन थोडा लांब धरला, मग वाटलं, का लांब धरायचा? दिसत तर नाहीच आहे त्याला, निदान ऐकू तरी येऊ दे. जवळ घेतला.

“सहज नव्हतं,” मी म्हटलं.

त्याचा श्वास ऐकू आला. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. बहुतेक उठून उभा राहिला असेल, किंवा बसला असेल. तिकडे आता काळोख पडला असणार. आमच्या गच्चीवर सावली अजून कठड्याच्या पायथ्यालासुद्धा आली नव्हती.

“ऊन आहे का अजून तुझ्याकडे?” त्यानं विचारलं.

“आहे. साडेपाचपर्यंत राहील.”

“मग बोल,” तो म्हणाला. “मी बसलो आहे.”